वाद्यासकट तपासणी

हाताच्या दुखापतींवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत वादकांची संख्या बरीच आहे, आणि त्यांतले बहुतेक जण पहिल्या भेटीला एक जाडजूड फाईल घेऊन येतात. व्हायोला हे व्हायोलिनसारखेच पण आकाराने मोठे वाद्य वाजवणाऱ्या ज्या तरुणीविषयी येथे लिहीत आहे, तिच्या फाईलमध्ये मानेचा एक्स-रे होता, रक्ताच्या तपासण्या होत्या, नर्व्ह कंडक्शन टेस्टचा, म्हणजे नसांमधून संदेश नीट वाहतात की नाही हे मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल होता, आणि या सर्व कागदांचा निष्कर्ष एकच होता, तो म्हणजे दोष आढळला नाही. प्रत्यक्षात मात्र वाजवायला बसल्यावर थोड्याच वेळात तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येत, कोपराच्या आतल्या बाजूला एक खोल ठणका सुरू होई आणि तारेवर दाबलेली करंगळी सुरात टिकत नसे. एका वाद्यवृंदातील जागेसाठीची ऑडिशन तोंडावर आली होती. तेवढ्यापुरते एखादे इंजेक्शन देऊन हात चालता करता येईल का, हा तिचा पहिला प्रश्न होता.

तिला याआधी पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला होता आणि तिने तो काटेकोरपणे पाळलाही होता. काही आठवडे तिने वाद्याची पेटीच उघडली नव्हती. मुंग्या थांबल्या, ठणका गेला, आणि आता आपण बरे झालो असे समजून तिने पहिल्याच दिवशी पूर्वीइतका, म्हणजे चार-पाच तासांचा रियाज सुरू केला. आठवडा उलटण्याच्या आत सगळी लक्षणे परत आली, आणि या वेळी अधिक तीव्रतेने आली. वादकांच्या बाबतीत ही घटना मी इतक्या वेळा पाहिली आहे की ‘पूर्ण विश्रांती’ एवढाच सल्ला लिहून दिलेला कागद पाहिला की मला वाईट वाटते. विश्रांतीने सूज उतरते, परंतु ज्या ताणामुळे ती आली तो ताण सोसण्याची स्नायूंची आणि कंडरांची क्षमता त्या काळात वाढत तर नाहीच, उलट कमी होते, आणि वादनाकडे परत कसे जायचे याचा आराखडा नसेल तर त्या विश्रांतीचा उपयोग पहिल्या मोठ्या रियाजापर्यंतच टिकतो.

तिच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती तिने बऱ्याच वेळाने बोलून दाखवली. वादकांच्या बोटांना होणाऱ्या डिस्टोनियाविषयी तिने वाचले होते. संगीतकार रॉबर्ट शुमान यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाने १८३०च्या दशकाच्या सुरुवातीस दगा दिला आणि त्यांचे पियानोवादक होणे राहून गेले. तो डिस्टोनियाच असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाच्या उजव्या हाताची बोटे १९६०च्या दशकात आत वळू लागली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या. करंगळी मनाप्रमाणे चालेनाशी झाल्यावर आपलेही असेच होणार, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. मी तिला सांगितले की डिस्टोनियात बहुधा दुखत नाही आणि बधिरपणाही येत नाही. तेथे बिघाड मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणात असतो आणि बोट ठरावीक कृतीपुरतेच आपोआप आत वळते किंवा ताठ होते. तिच्या तक्रारीत मुंग्या होत्या, ठणका होता आणि तो एका ठरावीक नसेच्या मार्गावर होता. त्याच वेळी मी तिला हेही सांगितले की तिचा अनुभव अपवादात्मक नाही. अमेरिकेतील सिंफनी वाद्यवृंदांच्या वादकांची जी मोठी पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत उत्तरे देणाऱ्या २,२१२ वादकांपैकी ७६ टक्क्यांनी वादनावर परिणाम करणारी किमान एक गंभीर वैद्यकीय तक्रार नोंदवली होती. हे ऐकल्यावर ती प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसली. दुखणे लपवण्याची सवय वादकांत फार खोलवर असते, कारण दुखतो म्हणणाऱ्या हाताला काम मिळत नाही अशी त्यांची धारणा असते, आणि त्या लपवण्यापायी महिनेच्या महिने वाया जातात.

त्या दिवशीच्या तपासणीत मलाही फारसे काही सापडले नाही. स्पर्शज्ञान ठीक होते, चिमटीची ताकद उजव्या हाताच्या मानाने किंचित कमी होती, पण डावा हात असा थोडा कमी असणे सामान्यच मानले जाते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू भरलेला होता, तो खोल गेलेला दिसला असता तर मी तिला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवले असते. वाद्य सोबत आणले आहे का, असे मी विचारले तेव्हा तिला आश्चर्य वाटले. दवाखान्यात व्हायोलाचे काय काम, असा तिचा समज होता. दुसऱ्या भेटीला वाद्य, गज, वाद्याखाली खांद्यावर टेकणारा आधार म्हणजे शोल्डर रेस्ट आणि ज्या रचनेत त्रास सर्वांत लवकर होतो तिची नोटेशनची पाने घेऊन येण्यास मी सांगितले, आणि त्या भेटीसाठी नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ राखून ठेवला.

ती दुसरी भेट हा या प्रकरणातला निर्णायक दिवस होता. वाजवण्यापूर्वी मी पुन्हा स्पर्श आणि ताकद मोजून लिहून ठेवली. मग तिला प्रथम मोकळ्या तारांवर नुसता गज चालवायला सांगितला, त्यानंतर गजाशिवाय केवळ डाव्या हाताची बोटे, मग संथ स्वरावली आणि शेवटी तो अवघड तुकडा. मी समोरून, डावीकडून आणि पाठीमागून पाहत होते. मोकळ्या तारांवर, म्हणजे डाव्या हाताला काहीच काम नसताना, तिचा डावा खांदा कानाकडे उचललेला होता. तिची मान लांब आहे आणि चिन रेस्ट, म्हणजे वाद्यावर हनुवटी टेकवण्याचा आधार, मात्र वाद्याबरोबर आलेले, बसके होते, त्यामुळे हनुवटी आणि गळपट्टीचे हाड यांच्यामधली पोकळी भरून काढण्यासाठी ती खांदा वर घेत होती आणि हनुवटीने वाद्य खाली दाबत होती. एवढे करूनही वाद्य स्थिर राहत नव्हते, म्हणून उरलेला भार डाव्या अंगठ्याने वाद्याची मान पकडून तोलला जात होता. ज्या हाताने मोकळेपणी फिरायचे, तोच हात वाद्य धरून ठेवण्याच्या कामाला जुंपला गेला होता.

अवघड तुकडा सुरू झाल्यावर दुसरी गोष्ट दिसली. जाड तारेवर वरच्या जागी, म्हणजे उंच स्वरांच्या, हनुवटीकडच्या जागी, करंगळी पोहोचवण्यासाठी कोपर वाद्याखालून आत, छातीकडे ओढले जात होते आणि त्याच वेळी पूर्ण मिटलेलेही होते. मनगट वळलेले, अंगठा आवळलेला आणि श्वास रोखलेला. मी तिला मध्येच थांबवले नाही. वादकाला दर दोन ओळींनी थांबवले तर तो आपोआप सावध वाजवू लागतो आणि जे पाहायचे ते दिसतच नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने स्वतःहून हात झटकला, तेव्हा मी त्याच तपासण्या त्याच क्रमाने पुन्हा केल्या. करंगळीच्या टोकावरचा हलका स्पर्श आता तिला कळत नव्हता. चिमटीची ताकद स्पष्ट उतरली होती. कोपर पूर्ण मिटून ठेवायला सांगितल्यावर काही क्षणांतच मुंग्या सुरू झाल्या आणि कोपराच्या आतल्या खोबणीवर बोटाने हलके ठोकले तेव्हा झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत गेल्या. आरामात बसलेल्या हातावर जे कोणत्याही अहवालात उमटले नव्हते, ते वाजवून थकलेल्या हातावर स्वच्छ दिसत होते. आपल्या तक्रारीला मोजता येण्याजोगा आधार आहे हे पाहून तिला वाटलेला दिलासा माझ्या आजही लक्षात आहे.

कोपराला फटका बसल्यावर जी झिणझिणी येते ती ज्या नसेमुळे, तीच ही अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून ती एका अरुंद बोगद्यातून जाते आणि करंगळी, अनामिकेची अर्धी बाजू व तळहातातील अनेक बारीक स्नायू यांना पुरवठा करते. कोपर मिटले की हा बोगदा आकसतो आणि नसही ताणली जाते. कोपर दीर्घकाळ मिटलेले राहिले तर नसेला होणारा रक्तपुरवठा कमी होऊन मुंग्या येतात. सुरुवातीच्या अवस्थेत नर्व्ह कंडक्शन टेस्ट पुष्कळदा निर्दोष येते, कारण नसेची कायमची हानी अजून झालेली नसते. तिच्या वरिष्ठ वादकांपैकी कोणी तरी ‘टेस्ट चांगली आहे, म्हणजे मनाचे खेळ आहेत’ असे तिला म्हटले होते. चांगली टेस्ट ही खरे तर उपचार वेळेत सुरू करता येतील याची खूण होती.

आता प्रश्न होता की हे याच वर्षी का झाले, कारण ती लहानपणापासून वाजवत होती. विचारता विचारता उलगडले की ती मूळची व्हायोलिनवादक आणि काही महिन्यांपूर्वीच व्हायोलाकडे वळली होती. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनचे, मान सोडून उरलेले, पोकळ लाकडी अंग सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असते. व्हायोलाला असे एक ठरलेले माप नाही. तिचा व्हायोला ४२ सेंटिमीटरचा होता. वाद्य जड झाले, बोटांमधली अंतरे वाढली, तारा जाड झाल्या, आणि नेमक्या त्याच काळात ऑडिशनसाठी रियाजाचे तास जवळजवळ दुप्पट झाले. वादकांच्या दुखापतींत मला सर्वाधिक वेळा आढळणारे कारण हेच आहे. नवे वाद्य, नवे गुरू, नवे तंत्र किंवा नवी अवघड रचना यांपैकी काही तरी आणि त्याच्या जोडीला वाढलेले तास, असे दोन बदल एकदम होतात आणि हाताला जुळवून घ्यायला अवधीच मिळत नाही. त्यात तिची झोपण्याची सवयही भर घालत होती. ती डावा हात पूर्ण मिटून गालाखाली घेऊन झोपत असे, म्हणजे दिवसा ताणलेल्या नसेला रात्रीही उसंत नव्हती.

इंजेक्शनच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला त्या दिवशी दिले. वेदना दाबून त्याच पद्धतीने, तितकेच तास वाजवणे म्हणजे हाताने दिलेली सूचना बंद करणे होते, आणि बोटांच्या बारीक स्नायूंची ताकद एकदा गेली की ती पूर्ण परत येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ऑडिशनला जायचे की नाही हा निर्णय तिचा होता. दोन दिवसांनी तिने फोन करून सांगितले की तिने नाव मागे घेतले आहे. ही गोष्ट सोपी नव्हती, आणि ती तिने कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर करंगळीच्या त्या दोन मोजमापांकडे पाहून केली, याचे मला समाधान वाटले.

उपचारांतला सर्वांत परिणामकारक भाग दिसायला अगदी साधा होता. रात्री कोपर पूर्ण मिटू नये म्हणून मऊ स्प्लिंट म्हणजे आधारपट्टी, कोपर टेबलाच्या कडेवर न टेकणे, नसेला तिच्या मार्गात हलकेच सरकवणारे व्यायाम आणि खांद्याच्या पात्याभोवतीच्या स्नायूंची ताकद वाढवणे. वाद्यांच्या कारागिराने उंच चिन रेस्ट बसवून दिले आणि शोल्डर रेस्टचा कोन बदलला. अंगठा पूर्ण सुटा ठेवूनही वाद्य जागेवर राहते की नाही, हीच आमची कसोटी होती. तिच्या शिक्षिका या सगळ्यात सहभागी झाल्या, हे फार मोलाचे ठरले. कोपर नेहमी आत घेण्याऐवजी जाड तारांसाठी वाद्यच थोडे तिरके धरणे आणि करंगळी लागू नये अशी बोटांची पर्यायी मांडणी शोधणे हे त्यांनी सुचवले. ते माझ्या विद्येच्या पलीकडचे होते. त्यांनीच तिला साडेएकोणचाळीस सेंटिमीटरचा व्हायोला वापरायला दिला.

वादनाकडे परत येण्याचा आराखडा मी मिनिटांत लिहून दिला. सुरुवात पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी, मध्ये भरपूर विश्रांती, केवळ संथ आणि खालच्या जागांवरचे वादन. वाजवताना वाढत जाणारा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला त्रास नसेल, तरच काही दिवसांनी पुढची पायरी. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, आणि सर्वांत शेवटी वरच्या जागा व मोठे ताण. एका वेळी दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. उरलेल्या वेळात तिने नोटेशन समोर ठेवून मनातल्या मनात वाजवायचे होते. हा केवळ मन रमवण्याचा उपाय नव्हता. पियानोवरील पाच बोटांच्या सरावावर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी फक्त मनातल्या मनात सराव केला त्यांच्याही मेंदूतील बोटांचे नियंत्रण करणाऱ्या भागात बदल झालेले आढळले होते.

मध्ये एकदा मैत्रिणीच्या कार्यक्रमात बदली वादक म्हणून ती पूर्ण तालीम वाजवून आली आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या परतल्या. ती घाबरून आली होती. मी वहीत एकच पायरी मागे गेल्याची नोंद केली आणि चार दिवसांत ती पूर्वीच्या जागी पोहोचली. अशी पीछेहाट बहुतेकांच्या बाबतीत होते, आणि ती आधीच सांगून ठेवली तर रुग्ण घाईने सगळे सोडून देत नाही. काही महिन्यांनी वादनानंतरची मोजमापे वादनापूर्वीच्या मोजमापांइतकीच येऊ लागली.

पुढच्या वर्षीच्या ऑडिशनपूर्वी तिने रियाजाचे वेळापत्रक मला आधी पाठवले. त्यात शेवटच्या पंधरवड्यातले तास पुन्हा दुपटीच्या जवळ नेले होते. मी ते तास आधीच्या आठवड्यांइतकेच ठेवायला सांगितले, अवघड तुकडे हात ताजा असताना पहिल्या अर्ध्या तासात घ्यायला सांगितले आणि संध्याकाळचे शेवटचे सत्र वाद्याशिवाय, फक्त नोटेशन वाचण्यासाठी राखायला सांगितले. ती तयार झाली, पण संध्याकाळच्या सत्रातली दहा मिनिटे तिने स्वरावलीसाठी मागून घेतली, आणि ती मी दिली.