कोहिमाच्या टेनिस कोर्टावर नववी 'ब'

गुवाहाटीपर्यंतची रेल्वे, दिमापूरचा मुक्काम, नागालँडमध्ये शिरायला लागणाऱ्या इनर लाइन परमिटसाठी ३६ मुलांची कागदपत्रं जमवताना झालेली दमछाक, हे सगळं मागे पडलंय. डोक्यातून जात नाही ते टेनिस कोर्ट.

कोहिमाची युद्ध स्मशानभूमी गॅरिसन हिलच्या उतारावर आहे. एकेक टप्पा चढत वर जायचं. दोन्हीकडे नीट कापलेली हिरवळ आणि ठेंगणे दगड, त्यांवर धातूच्या पाट्या. दुसऱ्या महायुद्धातले १,४२० सैनिक इथे पुरलेत. खालच्या 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' या प्रसिद्ध शिलालेखापाशी फोटो काढून बरेच जण परत फिरतात. आमच्या सहलवाल्यांनीही इथे पाऊणच तास धरला होता. मी भांडून दोन तास करून घेतले. पोरांना इतक्या लांब आणून पळवत पळवत दाखवायचं असेल, तर घरीच बसावं.

मुली पाट्यांवरची वयं वाचत होत्या. १९, २०, २२. एकीचा दादा १९ वर्षांचा आहे, ती त्या पाटीपुढून हलेना.

वरच्या टप्प्यावर सिमेंटच्या पांढऱ्या रेघा जपून ठेवल्यात. १९४४ साली इथे डेप्युटी कमिशनरचा बंगला होता आणि त्याचं हे टेनिस कोर्ट. त्या एप्रिल-मेमध्ये एका कडेला जपानी, दुसऱ्या कडेला ब्रिटिश आणि हिंदी सैनिक, मधे एवढीच जागा. इकडून तिकडे हातबॉम्ब फेकले जात होते. वर्गात मी हे तीनदा तरी शिकवलंय. इथे एका मुलाने न सांगता या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजली. बत्तीस भरली. "बाई, हे तर आपल्या व्हरांड्याएवढंच आहे," तो म्हणाला आणि रेघेच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

आणखी वर, दहन केलेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. तिथे प्रश्न आला, "नेताजींची फौज जपान्यांच्या बाजूने होती ना? मग हे कोण?" दोन्हीकडे आपलीच माणसं होती, एवढंच मी सांगू शकले. पाठ्यपुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यांत येतं. ते एकत्र मांडून शिकवायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी एका आजींशी गप्पा ठरल्या होत्या. लढाईच्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. त्या अंगामी या नागा भाषेत बोलत, नातू हिंदीत सांगत होता. सेनापती, डावपेच यांतलं काहीच त्यांच्या बोलण्यात नव्हतं. जंगलात लपून काढलेले दिवस, विमानांचा आवाज आणि परत आल्यावर जळून गेलेलं भाताचं कोठार. कोठाराकडे त्या पुन्हापुन्हा येत होत्या. आत किती धान्य होतं, हे दोन्ही हात पसरून दाखवत होत्या.

मुलांकडून भरून घ्यायची प्रश्नावली मी पिशवीतून काढलीच नाही.

शेवटी त्या दादावाल्या मुलीने विचारलं, "आजी, तुमची शाळा परत कधी सुरू झाली?" आजींनी बोटांवर मोजलं, थांबल्या, मग नातवाशी त्यांची त्यांच्या भाषेत बरीच हुज्जत झाली. जेवणाची हाक दोनदा येऊन गेली. ३६ पैकी एकही मूल जागचं उठलं नाही.