तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलची चाकं स्वतः बांधून किती पैसे वाचले?

काही वाचले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांना इथूनच परत जाता येईल.

माझ्या सायकलसाठी हब, रिम आणि स्पोक (तारा) जुळवून चाकांची दुसरी जोडी बांधल्यापासून भेटेल तो सायकलवाला हेच विचारतो. रेडिमेड मिळत असताना बांधायची कशाला, किती पडलं, किती वाचले. काही जण "कुणाकडून बांधून घेतलीत?" असं विचारतात. मी "मीच बांधली" म्हटलं की क्षणभर थांबून, "नाही, म्हणजे आउट वगैरे कुणी काढून दिला?" (आउट म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं.) आई विचारते, दोन चाकांच्या सायकलला चार चाकं कशाला. सगळ्यांत तिचाच प्रश्न रास्त आहे आणि नेमकं त्याचंच धड उत्तर माझ्याकडे नाही.

आधी पैशांचं. हब, म्हणजे चाकांच्या मधले भाग, जुने घेतले. मागचा एका मोडीत निघालेल्या रोड बाइकचा, ३६ भोकांचा, म्हणजे ३६ स्पोकचा, १३० मिलिमीटर रुंदीचा. हे १३० बघून घ्यावं लागतं, कारण स्वस्तात मिळणारे बरेचसे हब एमटीबीचे (माउंटन बाइकचे), १३५चे असतात. स्टीलची फ्रेम पाच मिलिमीटर फाकवून घेता येते, माझी अॅल्युमिनियमची आहे, तिच्याशी असले खेळ करायचे नसतात. जुना हब घेताना एक्सल बोटांत धरून फिरवायचा. खरखर लागली तर उघडून बघायचं. कोनला, म्हणजे एक्सलवरच्या ज्या शंकूवर छर्रे फिरतात त्याला, खड्डे पडले असतील तरी हरकत नाही, नवे कोन बसवता येतात. पण छर्रे ज्यात बसतात तो कप हबच्या अंगातच ठोकलेला असतो. त्याला खड्डे असतील तर हब कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

रिम मात्र नव्या घेतल्या. रिम ब्रेकवाल्या सायकलची जुनी रिम म्हणजे ब्रेकने घासून किती पातळ झाली आहे ते बाहेरून कळत नाही, आणि पावसाळ्यात घाट उतरलेली असेल तर विचारूच नका. ओल्या रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेक पॅडमध्ये रुतते आणि पॅड कानशीसारखं काम करतं. स्पोक स्टेनलेसचे, दोन मिलिमीटर जाडीचे, दोन्ही चाकांचे मिळून ७२. निपल (स्पोक रिमला आवळायचे नट) पितळी, कारण अॅल्युमिनियमची निपलं कोकणातल्या खाऱ्या हवेत रिमला चिकटून बसतात. इथवर खरंच स्वस्तात होतं. मग दुसरी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरच्या चक्रांचा संच, आली. दोन टायर, दोन ट्यूब, रिम टेप, क्विक रिलीज, स्पोकचा पान्हा. ही शेपटी कुणी हिशोबात धरत नाही, मीही धरली नव्हती. सगळं मिळून साध्या रेडिमेड जोडीच्या वर गेलं. वजनही तिच्यापेक्षा जास्त भरलं. झालं समाधान?

मग का बांधली? त्यासाठी ताम्हिणी सांगावी लागेल.

दिवाळीनंतरचे दिवस. आम्ही तिघे पुण्याहून दिवेआगरला निघालो होतो. माझ्या सायकलला तेव्हा माझी लाडकी चाकं होती: रेडिमेड, हलकी, मागे २४ स्पोक, तेही चपटे आणि सरळ डोक्याचे. या चाकांसाठी मी पैसे साठवले होते आणि साठवताना लोकांना व्याख्यानं दिली होती. वजन कमी करायचं तर चाकातलं करा, चाकातला एक ग्रॅम म्हणजे अंगावरचे दोन, वगैरे. घाट उतरून खाली आलो, निजामपूर अजून पुढे होतं, आणि मागून टण्ण असा आवाज आला. दगड उडाला असेल असं वाटलं. पुढच्या दहा पावलांत चाक जड झालं. मागचा उजव्या बाजूचा एक स्पोक हबपाशी तुटला होता आणि रिम डावीकडे सरकली होती. ब्रेक पूर्ण उघडा सोडला तरी टायर फ्रेमला घासत होता. एक स्पोक. बाकीचे तेवीस शाबूत होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

सोबतच्या दोघांना मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी फार आग्रह केला नाही, हे मी अजून विसरलेले नाही. मागचं चाक उचलून धरत सायकल ढकलत निघाले. सायकलवाल्या माणसाला रस्ता किती लांब असतो ते तेव्हा कळतं. निजामपूरच्या पुढे रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान लागलं. दुकानदार पन्नाशीचे असावेत. त्यांनी सायकल उलटी केली, चाक हाताने फिरवलं, बराच वेळ बघत राहिले.

"ताई, तारा किती आहेत यात?"

"चोवीस."

"आणि बाकीच्या कुठे गेल्या?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या हातून जाणाऱ्या डबल बारच्या सायकलींना मागे चाळीस तारा असतात. मी कंपनीकडूनच अशी येतात म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती. मग पत्र्याचा डबा काढला, तारांनी भरलेला. एकेक काढून माझ्या हबशी धरून बघितली. त्या सगळ्या वाकड्या डोक्याच्या. माझ्या हबला सरळ डोक्याची लागते, वाकडी अडकणारच नाही. शिवाय तुटलेला स्पोक कॅसेटच्या मागे. फ्रीव्हील (साध्या सायकलचं मागचं चक्र) उघडायचं हत्यार त्यांच्याकडे होतं, कॅसेटचं नव्हतं, कशाला असेल?

एवढ्यात शाळेचा एक मुलगा सायकल घेऊन आला. मागे कुणाला तरी डबल सीट बसवून खड्ड्यात घातली होती, डावीकडच्या दोन तारा तुटलेल्या. काकांनी मला "एक मिनिट हं" म्हटलं. चाक न काढता दोन तारा ओवल्या, जुन्याच निपलांत फिरवल्या, रिमजवळ अंगठ्याचं नख धरून चाक गरगर फिरवलं, चार निपलं इकडेतिकडे केली. आउट निघाला. मुलगा वीस रुपये देऊन टांग मारून गेलासुद्धा. मी त्याच्या सायकलच्या तिप्पट किमतीची नुसती चाकं घेऊन फळीवर बसले होते.

काकांनी शेजारचे स्पोक सैल करून रिम थोडी मध्ये आणता येते का तेही बघितलं. चपटा स्पोक निपलाबरोबर पिळायला लागला, तसा त्यांनी पान्हा खाली ठेवला. "मोडलं तर मी भरून कुठून देऊ?" पैसे घेतले नाहीत. चहा मागवला. पुण्याकडे रिकामा परतणारा टेम्पो त्यांनीच हात करून थांबवला, आणि मी सकाळी उतरलेला घाट दुपारी चढले, मांडीवर चाक घेऊन. तो एक स्पोक मागवून यायला काही आठवडे गेले.

तेव्हा मी ठरवलं की ज्याला कुठेही, कुणीही तार ओवू शकेल असं चाक करायचं. ३६ भोकं, वाकड्या डोक्याचे स्पोक, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक इतर तिघांना ओलांडून जाणारा. विचारणाऱ्यांना मी बरेच दिवस हेच कारण ऐकवलं. फार छान वाटतं ऐकायला.

फक्त ते खरं नाही. चाकं बांधून झाल्यावर केव्हातरी आमच्या पेठेतल्या सायकलच्या दुकानात बसून मी तिथल्या डब्यातल्या तारा मोजल्या. माझ्या मागच्या चाकाला उजवीकडे २९० आणि डावीकडे २९२ मिलिमीटर लागतात. साध्या मोठ्या सायकलच्या तारा लांब पडतात, पोरांच्या सायकलच्या आखूड. डब्यात मला चालेल अशी एकही नव्हती. आणि कॅसेट या चाकालाही आहेच. म्हणजे तीच तार तुटली असती तर नवं चाक घेऊनही मी त्या फळीवर तशीच बसले असते. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला ते कारणच गळून पडलं, आणि मी ते लोकांना सांगत सुटले होते.

मग मी एक करून बघितलं. मागच्या चाकाचा उजवीकडचा एक स्पोक मुद्दाम पूर्ण सैल सोडला, जणू तुटलाच आहे, आणि सिंहगड रस्त्याने निघाले. रिम डावीकडे गेली, पण थोडी. ब्रेक उघडला, घासणं थांबलं, चाक डुलत डुलत चाललं. पुढच्या ब्रेकवर भागवत दिवेआगर गाठता आलं असतं. म्हणजे तार बदलता येण्याचा प्रश्न नव्हताच. एक गेली तर उरलेल्यांनी ओझं वाटून घ्यायला हवं, आणि त्यासाठी उरलेल्या पुरेशा हव्यात. आता चेनस्टेला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या आडव्या दांडीला, चिकटपट्टीने दोन जादा स्पोक लावलेले असतात. शिवाय एक स्पोक डोकं कापून, टोक आकड्यासारखं वाकवलेलाही आहे. तो कॅसेट न काढता हबच्या भोकात अडकवता येतो.

ही आकड्याची युक्ती पेठेतल्या त्याच दुकानातल्या मिस्त्रींची. चाक बांधायला मी त्यांच्याकडेच शिकले. ते काही मोजत नाहीत. मी रिमचा व्यास, हबच्या कडांची अंतरं, सगळं वहीत मांडून स्पोकची लांबी काढून नेली तर म्हणाले, "बरोबर आहे," आणि वही परत दिली. ट्रूइंग स्टँडवर, म्हणजे चाक धरून आउट काढायच्या घोडीवर, मी खर्च केला नाही. सायकल उलटी करायची, चेनस्टेला दोन्ही बाजूंनी झिप टाय बांधून त्यांची टोकं रिमजवळ आणायची, झाला स्टँड. रिम मधोमध आहे का ते बघायला चाक काढून उलटं बसवायचं. दोन्ही वेळा टोकापासून अंतर सारखं आलं पाहिजे.

मागच्या चाकाची खरी भानगड म्हणजे उजवीकडे कॅसेट असते, त्यामुळे हबची उजवी कड आत ढकललेली. रिम मध्ये आणायची तर उजवे स्पोक करकचून ओढावे लागतात, १०० किलोच्या आसपास, आणि डावे त्याच्या निम्म्याहून जरा जास्तच राहतात. ताण मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. स्पोक बोटाने छेडायचा आणि त्याच बाजूच्या शेजाऱ्याशी आवाज ताडून बघायचा. मिस्त्री म्हणाले, तबला लावताना एकच घर ठोकत बसलं तर काय होतं? सोळा घरं फिरून यावी लागतात. मी तबला शिकलेली नाही, पण निपल पाव फेऱ्याच्या पुढे फिरवायचं नाही आणि एका जागी रेंगाळायचं नाही, एवढं कळलं. शेवटी शेजारशेजारचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत धरून जोरात दाबायचे. कटकट आवाज येतात, पीळ सुटतो, आउट पुन्हा बिघडतो, पुन्हा काढायचा. हे न करता चाक रस्त्यावर काढलं तर तेच आवाज पहिल्या चढावर येतात.

आउट कुणी काढला? मी. झाल्यावर मिस्त्रींनी चाक हातात घेतलं, एकदा फिरवलं, दोन निपलं किंचित हलवली आणि परत दिलं. तेव्हा विचारणाऱ्यांनी ३६ मधली दोन वजा करावीत, बाकीची माझी.

आता जुन्या चाकांचं. विकली नाहीत. चाकातला ग्रॅम दुप्पट मोजायचा असतो ते वेग वाढवतानाच. एकसारख्या चालीने घाट चढताना ग्रॅम म्हणजे ग्रॅम, मग तो चाकात असो की पाण्याच्या बाटलीत, हे मला आता नीट माहीत आहे. तरी सिंहगडला जायचं असलं की हात हलक्या जोडीकडेच जातो. मग अदलाबदल. रिमची रुंदी वेगळी, म्हणून ब्रेकची केबल सैल करा. हब किंचित वेगळा, म्हणून गिअर अर्धा फेरा हलवा. चेन एकाच कॅसेटवर झिजली तर दुसरीवर घसरायला लागते, म्हणून दोन्ही कॅसेट आलटून पालटून वापरा. या कटकटीला कंटाळून कितीदा तरी जी जोडी बसवलेली असेल तीच घेऊन निघते.

तुम्हाला कमी पैशांत दुसरी जोडी करायचीच असेल तर आधी पुढचं चाक बांधा. कॅसेट नाही, दोन्ही बाजू सारख्या, स्पोक एकाच लांबीचे. ते बांधताना मजा आली नाही तर मागचं खुशाल रेडिमेड घ्या, फक्त स्पोक मोजून घ्या. आणि रिम ब्रेकमध्ये पैसे घालावेत की नाही हे मला विचारू नका. नव्या सायकली डिस्क ब्रेकवर गेल्या आहेत, मागचा हब १४२ मिलिमीटरचा, एक्सल आरपार. माझ्या चारांपैकी एकही चाक तसल्या फ्रेमला बसणार नाही. तशा एका फ्रेमचा भाव मी गेल्या आठवड्यात विचारून आले आहे.