पूरपातळीचं पान १४ केबीत : कॉम्प्रेशनच्या कामाची नोंद

कृष्णेची पाणीपातळी दाखवणारं माझं वेबपान अखेर १४ केबीच्या आत बसलं. मागच्या नोंदीनंतर मुख्य बदल एकच. आधी फक्त एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर) कॉम्प्रेस होऊन, म्हणजे दाबून लहान होऊन जायचं, आता पातळीच्या तक्त्याची जेसन (आकडेवारीची) फाइल, सीएसएस (पानाची मांडणी) आणि एसव्हीजी आलेखही तसेच जातात. देवनागरी वेबफॉन्ट मात्र काढून टाकला. डब्ल्यूओएफएफ२ या फॉन्टच्या फाइलमध्ये आतच ब्रॉट्ली ही कॉम्प्रेशनची पद्धत वापरलेली असते, त्यामुळे सर्व्हरने तिच्यावर कितीही मेहनत घेतली तरी ती आणखी लहान होत नाही, आणि पानावरची सगळ्यात जड वस्तू तीच होती. फोनमधला फॉन्ट वाचायला पुरेसा आहे.

१४ केबीच का, असं काहींनी विचारलं होतं. टीसीपी (इंटरनेटवर माहिती पोचवण्याचा नियम) जोडणी झाल्यावर सर्व्हर पोच यायची वाट न बघता पहिल्या झटक्यात साधारण दहा पॅकेट पाठवू शकतो. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या नियमपत्रानंतर हाच आकडा रूढ झाला. एका पॅकेटात १४६० च्या आसपास बाइट, म्हणजे सगळं मिळून १४ केबी. तेवढ्यात पान मावलं तर मजकुरासाठी दुसरी फेरी लागत नाही. एरवी हा फरक जाणवणारही नाही. पण आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं, की अख्खी सांगली आकड्याकडे डोळे लावून बसते. ४५ फूट ही धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वीज गेलेली, टॉवरवर गर्दी, फोनची बॅटरी जपून वापरायची. त्या वेळी पान उघडायलाच हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

या निमित्ताने सातारा-सांगलीकडची माणसं रोज बघतात ती संकेतस्थळं तपासली: बातम्या, बाजारभाव, पाऊस, धरणसाठा. तपासताना एक काळजी घ्या. कर्ल या कमांडलाइनवरून पान मागवणाऱ्या साधनाला सांगितल्याशिवाय तो ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ हेडर, म्हणजे ‘मला दाबलेलं चालेल’ ही सूचना, पाठवत नाही. मग सर्व्हर साधं, न दाबलेलंच उत्तर देतो आणि आपण त्याला उगाच नावं ठेवतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये नेटवर्कवरून आलेला आकार आणि उलगडल्यावरचा आकार असे दोन्ही दिसतात, ते जास्त भरवशाचं.

मुखपृष्ठं जवळपास सगळीकडे जीझिप (कॉम्प्रेशनची जुनी, सर्रास पद्धत) किंवा ब्रॉट्लीने येतात. जगभरही चित्र असंच आहे, बहुतांश संकेतस्थळं कॉम्प्रेशन वापरतात. पण मोजणी संकेतस्थळांची आहे की फाइलींची, यावर उत्तर बदलतं. संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या वेब अल्मनॅक या अहवालात सर्व उत्तरांपैकी सुमारे ३८ टक्केच कॉम्प्रेस केलेली होती. त्यात जेपीईजी, पीएनजी, व्हिडिओही धरलेले आहेत आणि ते आधीच दाबलेले असतात, त्यामुळे आकडा कमी दिसणं साहजिक आहे. माझं लक्ष उरलेल्यांकडे आहे, म्हणजे दाबता आल्या असत्या पण तशाच आल्या त्या फाइलींकडे.

आपल्याकडच्या तपासणीत त्या सापडल्या, आणि बहुतेक वेळा नेमक्या आकडेवारीच्या. कारण बहुधा एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये आहे. तिथे जीझिप मुळात बंद असतं. चालू केलं तरी ‘जीझिप_टाइप्स’ ही फाइलप्रकारांची यादी भरल्याशिवाय ते फक्त एचटीएमएलला लागू होतं. उबुंटूच्या पॅकेजमध्ये जीझिप चालू मिळतं, पण प्रकारांची ओळ कॉमेंट करून, म्हणजे बंद ठेवलेली असते. मुखपृष्ठ तपासणाऱ्याला जीझिप दिसतं आणि तो पुढे जातो, पण धरणसाठ्याची भलीमोठी जेसन फाइल तशीच वाहत राहते. ‘आमच्या साइटवर कॉम्प्रेशन आहे’ एवढं ऐकून म्हणूनच माझं समाधान होत नाही. कोणत्या फाइलींवर आहे, हे विचारायला हवं.

मराठीसाठी तर हे फार महत्त्वाचं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही त्यात आल्या. ‘सातारा’ १८ बाइट. त्यात पीएचपी किंवा पायथनने जेसन बनवताना मूळ सेटिंग तसंच ठेवलं, तर प्रत्येक चिन्हाऐवजी सहा अक्षरी सांकेतिक रूप (एस्केप) लिहिलं जातं आणि तोच ‘सातारा’ ३६ बाइटांवर जातो. ‘आयर्विन पूल, सांगली’ हे ५१ बाइट माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळीत येतात. जीझिपच्या आतली डिफ्लेट पद्धत दुसऱ्या वेळेपासून त्याऐवजी ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच खूण लिहिते आणि काम थोडक्या बाइटांत भागतं.

डिफ्लेटची सगळ्यात लहान जुळणी तीन बाइटांची, म्हणजे नेमकं आपलं एक चिन्ह. मला हे फार आवडलं. मात्र डिफ्लेट करणाऱ्या झेडलिब लायब्ररीच्या वरच्या लेव्हलना (जास्त मेहनतीने दाबण्याच्या पायऱ्यांना) तीन बाइटांची जुळणी ४०९६ बाइटांहून लांब असेल तर सोडून दिली जाते. आणि डिफ्लेटची विंडो, म्हणजे मागे बघायची मर्यादा, ३२ केबीची, म्हणजे देवनागरीची जेमतेम ११ हजार चिन्हं. इंग्रजी मजकुरात ते ३२ हजार अक्षरं मागचं बघतं, आपल्या मजकुरात त्याच्या एक तृतीयांश.

म्हणून ब्रॉट्लीकडे वळलो. त्याची विंडो १६ एमबीपर्यंत जाते. शिवाय पुढचा बाइट ठरवताना ते आधीचे दोन बाइट विचारात घेऊ शकतं. देवनागरीचे पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले, ई० ए४ नाहीतर ई० ए५, त्यामुळे हा गुण आपल्या कामाचा. त्याच्या अंगभूत शब्दकोशात इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, हिंदी, रशियन आणि अरबी आहे, मराठी नाही. लिपी एक असल्याने हिंदीशी सारखे शब्द तेवढे लागू पडतात. सीएसएससारख्या न बदलणाऱ्या फाइली लेव्हल ११ ने आधीच दाबून ठेवल्या आहेत. तक्ता सतत बदलतो, त्याला लेव्हल ५. जुन्या ब्राउझरसाठी जीझिप आहेच. झेडस्टँडर्ड ही आणखी एक पद्धत क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२४ पासून चालते, पण माझ्या एवढ्याशा पानावर तिचा वेगळा फायदा दिसला नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवली.

पुढचं काम कॉम्प्रेशन डिक्शनरीचं. ब्राउझरकडे असलेली आधीची जेसन फाइलच शब्दकोश म्हणून वापरायची, म्हणजे नव्या ओळींपुरतेच बाइट जातील. क्रोममध्ये ही सोय आली आहे. तक्त्यात नवी ओळ सध्या वर घालतो आणि जुनी शेवटची काढतो. शब्दकोशासोबत हा क्रम किती बाइट घेतो ते आधी मोजतो. कोणी एन्जिनएक्सवर हे बसवलं असेल तर हेडर कसे ठेवले ते जरूर सांगा.