परदेशयोगाचा तीळ

"तुमचे ते निळ्या पाण्याचे फोटो हल्ली येत नाहीत ग्रुपवर. बरं चाललंय ना दोघांचं?" परवा मावशीने फोनवर जरा आवाज खाली घेऊनच विचारलं. मावशी, बरं चाललंय. भांडण सूर्याशी झालंय आणि त्यात माघार आम्हीच घेतली आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नवरा शर्ट काढून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठमोरा बसतो आणि मी त्याच्या पाठीवरचे तीळ मोजते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात लेकीच्या दप्तरातली फूटपट्टी. एकूण एकोणचाळीस. उजव्या खांद्याखाली तीन ओळीने आहेत, मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणासारखे, म्हणून त्यांचं नाव 'बाण'. पट्ट्याच्या वर जरा फुगीर आहे तो 'मनुका'. प्रत्येकाशेजारी पट्टी धरायची, फोटो काढायचा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघायचा. डाव्या खांद्याच्या पात्यावर चाळिसावा होता. तिथे आता बोटभर लांब, गुळगुळीत, पांढुरकी रेघ आहे.

तो चाळिसावा सहा वर्षांपूर्वी निघाला, तोही योगायोगाने. नवरा कोपर दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरांनी कोपर बाजूला ठेवलं, शर्ट वर केला आणि डर्मॅटोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं एक भिंग, त्या तिळावर टेकवून बराच वेळ गप्प राहिले. मग तो तीळ कापून तपासणीला पाठवला. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. जाडी अर्धा मिलिमीटर. खोल गेला नव्हता म्हणून निभावलं. नंतर पुन्हा एकदा, भोवतीची एक सेंटिमीटर निरोगी कातडीसुद्धा काढली. म्हणून इतक्याशा तिळाची एवढी मोठी रेघ.

मला जे खुपतं ते वेगळंच. तो तीळ मी रोज बघत होते. दोन वर्षांत त्याची एक कड पसरली होती, मध्ये काळा आणि बाहेर तपकिरी असे दोन रंग झाले होते, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. वाटणार कसं? तीळ म्हणजे काहीतरी चांगलंच, हे डोक्यात बसलेलं. ओठावर असला तर गोड बोलणारी, तळहातावर असला तर पैसा. माझ्या उजव्या तळपायावर एक आहे. मी इकडे यायला निघाले तेव्हा आत्याने विमानतळावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मी म्हटलंच होतं, हिला परदेशयोग आहे!"

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये राहतो, ब्रिस्बेनच्या उत्तरेला. इथे त्वचेच्या कर्करोगाबद्दल लोक ज्या सहजपणे बोलतात त्याने पहिली काही वर्षं मी हबकून जायचे. आपण दाढ काढली म्हणून सांगतो तसं शेजारी सांगतात, "नाकावरचा एक काढून आलो." सासऱ्यांच्या डाव्या कानाची वरची पाळी नाही. सासूबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर जी कातडी आहे ती मूळची कानामागची. या देशात सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो. त्यातले बहुतेक मेलॅनोमापेक्षा सौम्य असतात, कापले की संपलं. पण मेलॅनोमा वेळेत सापडला नाही तर तो अंगभर पसरतो.

कारणं सोपी आहेत. नवऱ्यासारख्या गोऱ्यांची, आयर्लंड-ब्रिटनच्या ढगाळ हवेसाठी घडलेली कातडी कर्कवृत्ताच्या जुळ्या भावाखाली, मकरवृत्ताजवळ आणून ठेवली. त्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तुम्ही तिकडे स्वेटर घालून बसलेले असता तेव्हा. इथे तेव्हा भर उन्हाळा. हवा स्वच्छ, धूर-धूळ कमी, त्यामुळे अतिनील किरण सरळ खाली. माझा नवरा तर सत्तरच्या दशकातलं पोर. पोरं अंगाला बेबी ऑइल चोपडून वाळूवर पडायची, रात्री खांद्याची सालं ओढून काढायची. सर्वात लांब पापुद्रा कुणाचा निघतो याची भावाभावांत पैज लागायची म्हणे. हे तो हसत सांगतो. मी अजून हसू शकलेले नाही.

1981 मध्ये इथे टीव्हीवरच्या जाहिरातीत एक नाचरा सीगल, म्हणजे समुद्रपक्षी, आला. नाव सिड. 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' हे त्याचं गाणं: अंगात शर्ट, कातडीला क्रीम, डोक्यावर टोपी. पुढे त्यात सावली आणि गॉगलची भर पडली. आमच्या लेकीच्या शाळेत तर टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदान बंद, मुकाट्याने छपराखाली बसायचं. नवऱ्याच्या पिढीला मात्र सिड उशिराच भेटला.

तर फिजी. ते निळ्या पाण्याचे फोटो तिथलेच. सलग नऊ वर्षं आम्ही जुलैच्या शाळेच्या सुट्टीत फिजीला जायचो. तेच बेट, तीच माडाच्या झावळ्यांची झोपडी, सकाळी दहा ते चार पाण्यात. ऑपरेशननंतरच्या जुलैचंही आरक्षण झालेलं होतं. नवरा म्हणाला, रद्द करू. अनामत रक्कम बुडाली. मी म्हटलं, अरे, फिजीत तेव्हा हिवाळाच असतो की! त्यावर त्याने मोबाइल पुढे केला.

त्या मोबाइलवरच्या आकड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे हा घोळ सगळ्यांचाच होतो. आपण ऊन मोजतो ते चटक्यावरून. पण चटका देणारे किरण वेगळे आणि कातडीच्या पेशींतला डीएनए बिघडवणारे अतिनील किरण वेगळे. अतिनील किरण कातडीला कळत नाहीत. गार वारा असला, आभाळ पातळ ढगांनी भरलेलं असलं, तरी ते येतच असतात. त्यांचा आकडा म्हणजे यूव्ही इंडेक्स. तो तीन किंवा त्याच्या वर गेला की अंग झाकायचं, हा इथला नियम. ब्रिस्बेनमध्ये तो भर हिवाळ्यातही दुपारी तीनच्या वर असतो आणि उन्हाळ्यात अकराच्या पुढे जातो. विषुववृत्ताकडे सरकाल तसा तो आणखी चढतो. म्हणजे नवरा फिजीला जाऊन आपला हिवाळा सोडून दुसऱ्याचा उन्हाळा विकत घेत होता. वर्षभर ऑफिसात बसून पांढरीफटक झालेली पाठ एकदम आठ दिवस भाजायची, हा प्रकार तर मेलॅनोमाच्या बाबतीत विशेष वाईट.

"मग क्रीम लाव की," असं माझ्या भावाने सुचवलं. क्रीम उपयोगी आहेच, त्यात शंका नाही. सासूबाईंच्या घराजवळ नंबोर म्हणून गाव आहे. तिथल्या सोळाशेच्या वर लोकांवर 1992 पासून साडेचार वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी एरवी लावतात तसं. पुढे दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की रोज लावणाऱ्यांत मेलॅनोमा निम्म्यावर आले. पण ते लावायचं किती? एका मोठ्या माणसाला चहाचे सात चमचे, दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. नवरा एका ट्यूबमध्ये तीन सुट्ट्या काढायचा! शिवाय डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं: क्रीम हे जास्त वेळ उन्हात बसायचं तिकीट नव्हे.

गंमत म्हणजे, गेल्या वर्षी माझ्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. इतकी वर्षं मी नवऱ्याच्या बरोबरीने सावलीत बसत होते ना! माझ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य किरण अडवतं. ते मला वाचवतं आणि त्याच कारणाने मला ऊनही जास्त लागतं. तेव्हा आता दुपारी मी ओट्यावर हात उघडे टाकून बसते आणि नवरा जाळीच्या दाराआडून गप्पा मारतो. एकाच घरात एकाला ऊन औषध आणि एकाला विष. मधल्या रंगाच्या लेकीचं नेमकं काय, याचं ठाम उत्तर कुणी देत नाही. ती टोपी घालते आणि वैतागते.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझीही तपासणी केली. मी म्हटलं, माझ्यासारख्यांना कशाला? तर म्हणाले, चप्पल काढा. बोटांच्या बेचक्या बघितल्या, नखं बघितली आणि मग तळपायावर भिंग टेकवलं. आत्याचा तीळ! सावळ्या-काळ्या लोकांना मेलॅनोमा क्वचितच होतो, पण झाला तर बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंधही नसतो. आणि तिथे कुणी बघत नाही म्हणून तो उशिरा सापडतो. गायक बॉब मार्ले असाच गेला, पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमाने, छत्तिसाव्या वर्षी. तेही 1981 सालीच, सिड नाचायला लागला त्या वर्षी. माझा तीळ निरुपद्रवी निघाला. तरी आता रविवारी चाळिसावा फोटो माझ्या पायाचा असतो. तुम्हीही एकदा वाकून बघा, विशेषतः आत्या.

समुद्र अगदीच सुटला असं नाही. डिसेंबरात इथे पावणेपाचला उजाडतं. आम्ही पाचला पाण्यात असतो आणि सातला, आकडा तीनकडे सरकायला लागला की, ओल्या केसांनी गाडीत. आई आली होती तेव्हा मात्र दहा वाजता किनाऱ्यावर गेली, डोक्यावर काळी छत्री, अंगात लांब बाह्यांचा पोलका. मला जन्मभर "काळी पडशील" म्हणून तिने उन्हातून हाकललं होतं. तिला सूर्याचं भय नव्हतं, स्थळांचं होतं. जावई मात्र खूश. त्या अख्ख्या किनाऱ्यावर शहाणं माणूस एकच आहे म्हणाला आणि छत्रीत अर्धा शिरला.

खरं सांगायचं तर मला राग येतो कधी कधी. त्याच्यावर नाही, असाच. माझ्या पाठीला काही झालं नव्हतं आणि फिजी माझंही गेलं. हे ओळखूनच मागच्या जुलैत त्याने मला मैत्रिणींबरोबर चार दिवस पाठवलं. तोच किनारा, तेच पाणी. पहिल्या दिवशी मी मनसोक्त डुंबले. दुसऱ्या दिवशी झाडाखाली पुस्तक घेऊन बसले आणि लक्षात आलं, मी वाचत नाहीये. समोर वाळूवर पालथ्या पडलेल्या पाठी मोजतेय. लाल, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांच्या.

तिसऱ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तो होता. एक कड पसरलेली, मध्ये काळा, बाहेर तपकिरी. पन्नाशीच्या बाई होत्या. मी दहा मिनिटं स्वतःशी वाद घातला. मैत्रीण म्हणाली, "बस गप, सुट्टीवर आलेत लोक." शेवटी उठले, त्यांच्या शेजारी वाळूत गुडघे टेकले आणि आधी माफी मागून सांगितलं की माझ्या नवऱ्याला अगदी असाच होता, घरी गेल्यावर एकदा दाखवून घ्या.

बाईंनी गॉगल वर करून माझ्याकडे बघितलं. "थँक यू, डार्लिंग," म्हणाल्या, हात मागे नेऊन तो तीळ चाचपायचा प्रयत्न केला, पोचला नाही. मग त्यांनी बाटलीतलं तेल पोटावर ओतलं आणि उताण्या झाल्या.