चॅप्लिन घराण्याचे पब आणि म्युझिक हॉल: दक्षिण लंडनचा एक दिवसाचा फेरा

लंडनला गेलेले बहुतेक लोक लेस्टर स्क्वेअरमधल्या चार्ली चॅप्लिनच्या पुतळ्याशेजारी फोटो काढतात आणि पुढे निघतात. चॅप्लिन घराणं भेटतं ते मात्र थेम्सच्या दक्षिणेला, लँबेथ आणि केनिंग्टनच्या रस्त्यांवर. वडील चार्ल्स चॅप्लिन म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी, नकला आणि विनोदाचे खेळ चालणाऱ्या करमणुकीच्या जागांचे, नावाजलेले गायक. आई हॅना ‘लिली हार्ली’ या नावाने गायची. सावत्र भाऊ सिडनीही रंगमंचावरचाच. आजोबा स्पेन्सर आधी खाटीक होते, पुढे पब चालवू लागले. त्यांचंच नाव लावणारे काका स्पेन्सर लँबेथमध्ये ‘क्वीन्स हेड’ पब सांभाळत. म्हणजे घरातली काही माणसं गाऊन पोट भरत होती, तर काही गाणं ऐकायला येणाऱ्यांना दारू विकून. म्हणून हा फेरा भिंतीवरच्या स्मृतिपाट्यांच्या क्रमाने न करता पबच्या क्रमाने करावा; सगळं नीट उलगडतं.

चालणं सात किलोमीटरच्या आसपास होतं. सिनेमा म्युझियम आणि जेवण धरून पाच-सहा तास हातात ठेवा. सोमवार टाळा, कारण ईस्ट स्ट्रीटचा बाजार त्या दिवशी बंद असतो. सिनेमा म्युझियम मार्गदर्शकासोबतच बघता येतं आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते. म्हणून आधी म्युझियमची वेळ पक्की करा आणि बाकीचे थांबे तिच्याभोवती बसवा. नोंदणी न करता दारात जाऊन उभं राहिलात, तर परत फिरावं लागण्याचीच शक्यता जास्त. किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर बघून त्याच दिवशी इकडे येणार असाल, तर चॉक फार्मला नॉर्दर्न लाइनची ‘चेरिंग क्रॉस मार्गे’ जाणारी गाडी पकडा. ती न बदलता केनिंग्टनला सोडते. ‘बँक मार्गे’ जाणारी गाडीही केनिंग्टनलाच येते, पण वॉटर्लूऐवजी शहराच्या पूर्वेकडून. वाटेत वॉटर्लूला उतरून पहिल्या थांब्यापर्यंत चालत यायचं असेल, तर गाडीवरची पाटी वाचूनच चढा.

सुरुवात लँबेथ नॉर्थ स्टेशनपासून करा. बाजूच्याच वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर कँटरबरी म्युझिक हॉल होता. बघायला आज तिथे काहीच उरलेलं नाही, १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. तरी पाच मिनिटं थांबा, कारण सगळ्या धंद्याचं मूळ इथे आहे. चार्ल्स मॉर्टन या पबवाल्याने १८५२ मध्ये आपल्या ‘कँटरबरी आर्म्स’ पबला जोडून हा हॉल उभा केला. गिऱ्हाइकाने बसून ऐकावं, खावं आणि प्यावं, हे त्यामागचं गणित. पुढे म्युझिक हॉलला नाटकगृहाचं रूप आलं, पण बार गेला नाही. आपला प्रवेश आटोपला की कलावंताने बारपाशी जाऊन गिऱ्हाइकांबरोबर प्यायचं, ही अपेक्षाच असे. काही ठिकाणी कलावंताची बिदागी त्याच्या आवाजाइतकीच त्याने बारवर किती खर्च केला यावर ठरायची, असं चार्लीने आत्मचरित्रात लिहिलं आहे. वडिलांना आठवड्याला चाळीस पौंड मिळत, तेव्हाच्या मानाने ही मोठी रक्कम. ते याच कँटरबरीत गायचे आणि लहानगा चार्ली इथेच प्रेक्षकांत बसून त्यांना ऐकायचा.

तिथून दक्षिणेला सहा-सात मिनिटांवर, केनिंग्टन रोड आणि लँबेथ रोडच्या कोपऱ्यावर ‘थ्री स्टॅग्ज’ पब आहे. या फेऱ्यातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा थांबा हाच. चार्ली एका संध्याकाळी इथून जात होता. वडील आत आहेत का, हे बघावं असं त्याला का कुणास ठाऊक वाटलं. दार जरासं उघडलं तर ते कोपऱ्यात बसलेले. चेहरा खंगलेला, अंग सुजलेलं. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, आईची आणि सिडनीची चौकशी केली आणि निघताना मिठीत घेऊन त्याचा मुका घेतला. तसं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं आणि तेच शेवटचं. काही आठवड्यांनी त्यांना सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथे ९ मे १९०१ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं ३८. व्हिक्टोरिया राणी जानेवारीत वारली होती, तिचा मुलगा एडवर्ड याचं राज्य नुकतं कुठे सुरू झालं होतं. पबमध्ये चॅप्लिनच्या नावाचा कोपरा आहे. गर्दी नसताना, दुपारच्या जेवणाआधी गेलात तर तिथे बसायला मिळण्याची शक्यता जास्त.

इथे पबची रीत माहीत असलेली बरी. टेबलाशी बसून वेटरची वाट बघत राहिलात तर अर्धा तास कुणी फिरकणार नाही. बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि जेवणासाठी टेबलाचा नंबर सांगायचा. पाइंट म्हणजे ५६८ मिली, पुढे बरंच चालायचं असेल तर अर्धा पाइंट पुरे. दारू न घेणाऱ्यांनी बिनधास्त लाइम-सोडा मागावा, कुणी भुवया उंचावत नाही. काउंटरवर रांग दिसत नाही, पण आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात असतं. शाकाहारी असाल तर चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून जेवण तीनच्या पुढे ढकलू नका. मुलं बरोबर असतील तर आधी चौकशी करा, प्रत्येक पबचे नियम वेगळे. समोरच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला प्रवेश फुकट आहे, स्वच्छतागृहाची सोय तिथे उत्तम.

सिनेमा म्युझियम तिथून पंधरा मिनिटांवर, रेन्फ्रू रोडवरून आत वळणाऱ्या डगर्ड वे या छोट्या गल्लीत आहे. मुख्य रस्त्यावरून इमारत दिसत नाही, त्यामुळे लोक गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून जातात. हीच लँबेथ वर्कहाउसची इमारत. वर्कहाउस म्हणजे निराधारांना काम करून घेऊन पोसणारं सरकारी आश्रयस्थान. १८९६ मध्ये हॅना दोन्ही मुलांना घेऊन इथे आली. दारातच आई एकीकडे आणि मुलं दुसरीकडे अशी ताटातूट झाली. मुलांना पुढे हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. हॅनवेल पार पश्चिम लंडनला आहे, ते या फेऱ्यात कोंबू नका.

वेळ असेल तर इथून पूर्वेला वॉलवर्थ रोड ओलांडून ईस्ट स्ट्रीट. चार्लीच्या सांगण्यानुसार १६ एप्रिल १८८९ रोजी त्याचा जन्म इथला. जन्मदाखला मात्र सापडलेला नाही. वॉलवर्थ रोडच्या कोपऱ्यावर पाटी आहे. फळं स्वस्त मिळतात, थोडी बरोबर घ्या. का ते पुढे येईलच.

परत केनिंग्टनकडे वळा. लोक चुकतात ते इथे: केनिंग्टन रोड, केनिंग्टन लेन आणि केनिंग्टन पार्क रोड हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि एकमेकांना भेटतातही. चार्ली लहानपणी राहिला ते मेथली स्ट्रीटचं ३९ नंबरचं घर आणि केनिंग्टन रोडवरचं २८७ नंबरचं घर एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. २८७ मध्ये दोघं भाऊ १८९८ साली वडील आणि त्यांच्याबरोबर राहणारी लुईझ यांच्याकडे काही दिवस होते. इंग्लिश हेरिटेज या वारसा संस्थेच्या निळ्या पाट्यांच्या यादीत ही घरं शोधत बसू नका. इथल्या पाट्या वेगवेगळ्या मंडळांनी लावलेल्या आहेत. दोन्ही घरांत लोक राहतात, रस्त्यावरूनच बघा.

याच केनिंग्टन रोडवर ‘टँकर्ड’ पब होता. रविवारी दुपारी म्युझिक हॉलचे बडे कलावंत घोडागाडीतून तिथे उतरत आणि चार्ली बाहेर उभा राहून त्यांचे चौकटीचे सूट आणि बोटांतल्या हिऱ्याच्या अंगठ्या न्याहाळत असे. त्याच रस्त्याला फुटणाऱ्या ब्लॅक प्रिन्स रोडने पश्चिमेला चालत गेलं की काकांच्या ‘क्वीन्स हेड’ची जागा लागते. हा थांबा बाहेरून बघण्यापुरताच धरा. दारात गिऱ्हाइकांचे घोडे धरून उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची फरफटती चाल चार्लीने इथेच उचलली आणि पुढे ती ‘ट्रॅम्प’ या त्याच्या गाजलेल्या सिनेमातल्या पात्राची चाल झाली, असं तो सांगत असे.

आता केनिंग्टन पार्क, ओव्हल स्टेशनजवळ. विकत घेतलेली फळं इथे खा. वर्कहाउसमधून हॅनाने एकदा सगळ्यांची सुटका मागून घेतली, ती केवळ मुलांबरोबर एक दिवस घालवायला. सिडनीच्या रुमालात नऊ पेन्स बांधलेले होते. त्यातून वजनाने अर्धा पौंड काळ्या चेरी आल्या, त्या तिघांनी याच पार्कच्या बाकावर बसून खाल्ल्या. वर्तमानपत्राचा चुरगळा करून त्याला दोरी गुंडाळली आणि त्या चेंडूने झेलाझेल खेळले. उरलेल्या पैशांत दुपारी एक टी-केक, एक खारवलेला मासा आणि दोन कप चहा. संध्याकाळी परत वर्कहाउसच्या दारात.

शेवटचा थांबा ब्रिक्स्टन रोडवरच्या ग्लेनशॉ मॅन्शन्सचा, ओव्हलपासून दक्षिणेला दहा मिनिटं. या इमारतीवर मात्र २०१७ मध्ये लावलेली इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी आहे. सिडनी १९०६ मध्ये आणि चार्ली १९०८ मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी खेळांच्या कंपनीत शिरले. एका रात्रीत दोन-तीन हॉल करायचे, कंपनीच्या गाडीतून एका हॉलहून दुसऱ्या हॉलला पळायचं. त्या कमाईतून दोघांनी इथला १५ नंबरचा फ्लॅट भाड्याने घेतला आणि चाळीस पौंडांत जुनं फर्निचर आणून सजवला. चाळीस पौंड म्हणजे वडिलांची चांगल्या दिवसांतली एका आठवड्याची कमाई. पाटी समोरच्या फुटपाथवरून नीट वाचता येते. परतीला ओव्हलपर्यंत बस घ्या. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर (लंडनचं प्रवासकार्ड) हाताशी ठेवा.