पुढच्या लॉकला थांबा!

आमच्या ग्रुपचा नियम एकच होता, जो पुढे जाईल त्याने पुढच्या लॉकला थांबायचं. बास. सात माणसं, सात स्पीड, सगळ्यात मोठे काका त्रेसष्ट वर्षांचे आणि रोज सगळ्यात आधी पोचणारे पण तेच (तो विषय नको). असल्या वरातीला एकत्र ठेवायला दुसरा उपाय नव्हता. आणि फ्रान्समध्ये बोर्दो ते सेत हा कालव्याकाठचा सायकल रूट म्हणजे लॉकच लॉक, त्यामुळे नियम एकदम फिट बसला. म्हणजे बसला असं वाटलं.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली, मग पुढचं दार. बाजूला लॉककीपरचं छोटं घर, सावली, बसायला कठडा. थांबायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पहिल्या दिवशी मात्र कालवा दिसलाच नाही. बोर्दोमधून बाहेर पडताना जुन्या रेल्वेलाइनवर केलेला सायकल ट्रॅक आहे, रोजे लापेबीच्या नावाचा. १९३७ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी. त्याच वर्षी टूरमध्ये पहिल्यांदा डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली होती, हे मी चढावर गिअर पाडता पाडता सगळ्यांना सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

नंतर कालवा लागला तो गारोन नदीला समांतर जाणारा, १९३ किलोमीटर, ५३ लॉक. नदी बाजूलाच आहे म्हणतात पण झाडीमागे लपलेली असते, नीट भेट होते ती आजाँला. तिथे चार लॉक चढून गेलो आणि समोर कालवाच पुलावर चढलेला! ५३९ मीटर लांब, २३ कमानी, खाली नदी वाहतेय, वरून बोट चाललीय आणि बोटीला चिकटून अरुंद पट्टीवर आपण. फोटो काढायच्या नादात मी पॅनियर (मागच्या चाकाशेजारची बॅग) कठड्याला घासली, ती खूण अजून आहे.

माँतेशला अर्धा दिवस गेला कारण आमच्यात दोन इंजिनिअर. तिथे १९७४ साली पाच लॉक टाळायला एक अजब यंत्र बनवलं होतं, दोन इंजिनं मिळून पाण्याची पाचरच्या पाचर बोटीसकट उतारावरून वर ढकलत न्यायची. २००९ पासून बंद आहे. दोघं तिथून हलायलाच तयार नव्हते.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती, सपाट रस्ता सोपा नसतो. घाटात चढ असतो पण नंतर उतारही असतो ना, पाय थांबतात, ढुंगण सीटवरून उचलता येतं. कालव्यावर तसलं काही नाही, सहा तास म्हणजे सहा तास पेडल, एकाच पोझमध्ये, आणि तुलूझ सोडल्यावर समोरून ओताँ वारा. हा वारा आग्नेयेकडून येतो आणि आम्ही आग्नेयेकडेच चाललेलो. एकाच्या मागे एक लागून आळीपाळीने पुढे जायचं ठरलं, काका पुढे आले की मागच्यांची वाट लागायची, शेवटी ताईने ओरडून सांगितलं, "काका, तुम्ही मागेच बरे!"

तो वारा खात नोरूझला पोचलो. हा या सगळ्या कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटरवर. इथून पाणी दोन्हीकडे जातं, मागे अटलांटिककडे, पुढे भूमध्य समुद्राकडे. तुलूझपासून पुढचा कालवा (कनाल द्यू मिदी) बांधणाऱ्या पियेर-पॉल रिकेचा सगळा डोकेबाजपणा इथे आहे. कालवा खणणं एक वेळ जमेल, पण डोंगरमाथ्यावर पाणी आणायचं कुठून? त्याने काळ्या डोंगरातले ओढे वळवून, धरण बांधून पाटाने इथवर आणलं. १६६६ला परवानगी मिळाली, १६८१ला कालवा सुरू झाला, आणि रिके १६८०लाच गेला. मी त्या पाटाकडे बघत बराच वेळ उभा होतो. बाकीचे अर्थातच पुढच्या लॉकला.

नोरूझच्या थोडं आधीच डांबर संपलेलं. मग माती, खडी आणि प्लेन (चिनारच्या जातीतल्या) झाडांची मुळं. म्हणजे जिथे झाडं उरलीयत तिथे. २००६मध्ये बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडलीयत, मैलोनमैल सावलीचा फोटो मनात धरून जावं तर मधेच लांबच लांब बोडका पट्टा येतो, नुसते बुंधे आणि नवीन लावलेली काटकुळी रोपं.

आणि मग आर्जाँचं लॉक. तिथे सगळे भेटलो, पाणी प्यायलो, काका म्हणाले "चला, पुढच्या लॉकला" आणि निघाले.

पुढचं लॉक ५४ किलोमीटरवर होतं.

खरंच. आर्जाँपासून बेझिएच्या फाँसेरानपर्यंत एकही लॉक नाही, रिकेने कालवा डोंगराच्या कडेकडेने एकाच पातळीवर नागासारखा वळवत नेलाय. नकाशात हे स्पष्ट दिसतं, नकाशा माझ्याच हँडलबार बॅगमध्ये होता, आणि मी तो बघितला नव्हता.

ल सोमाय गेल्यावर माझं मागचं चाक बसलं. ताई माझ्याबरोबर थांबली. टायर काढून आतून अंगठा फिरवला तर काटा, नखाएवढा, उलट्या बाजूने दाबून दाताने ओढून काढला. नवीन ट्यूब होती. पंप नव्हता. ग्रुपचा एकुलता एक बरा पंप काकांच्या फ्रेमला. फोन लावला, बंद. ताई पाच मिनिटं काही बोलली नाही, ते जास्त वाईट होतं.

चाळीसेक मिनिटांनी एक भाड्याची बोट आली, छतावर दोन सायकली बांधलेल्या. हात हलवले. आजोबा-आजी होते, त्यांनी बोट कडेला घेतली, मी दोर धरून जवळच्या झाडाला बांधायला निघालो तर आजी जोरात "नो नो नो!" झाडाला दोर बांधायचा नाही, सालीला घासतो आणि जखमेतून बुरशी आत जाते. आजोबांनी खाली उतरून दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकल्या, शांतपणे, आणि मग पंप दिला. पंप कार व्हॉल्व्हचा, माझी ट्यूब बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची. पण पॅच किटच्या डबीत तळाला पितळेची ती बारीक अडॅप्टर टोपी होती, दोन वर्षं उगाच घेऊन फिरत होतो. हवा भरली. ताई परत बोलायला लागली.

मालपासचा बोगदा, १६७९चा, मी वरूनच पळत ओलांडला, थांबायची हिंमत नव्हती. फाँसेरानला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं. आठ कप्प्यांचा तो दगडी जिना, साडेएकवीस मीटर खाली उतरणारा, आणि अगदी वरच्या दाराशी पाच जण ओळीने बसलेले.

"काका, फोन का बंद?"

"बॅटरी गेली. पण पुढच्या लॉकलाच थांबलोय की, नियम म्हणजे नियम."

पंप त्याच संध्याकाळी माझ्या फ्रेमला आला. सेतपर्यंत एकही पंक्चर झालं नाही.