धरण तुडुंब, माळ जोरात

डिसेंबरात उजनी धरणाच्या काठावर कुंभारगावला यायचं ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला, असं पुण्याहून येणारी बहुतेक मंडळी धरूनच चालतात. त्या सकाळचा ग्रुपही तसाच. होडीत पाय ठेवण्याआधीच प्रश्न आला, "दादा, फ्लेमिंगो कुठल्या बाजूला?"

कुठल्याच नाही. त्या साली उजनी काठोकाठ होतं. रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातून खाणं गाळतो, त्याला उथळच लागतं. एरवी तो चालतो तिथे माझं वल्हंही तळाला टेकत नव्हतं. उथळात चरणारे शेकाटे, पाणटिवळेही दिसेनात. होते ते पाणकावळे, कुरव, सुरय आणि बुडालेल्या बाभळीवर मासा सोलत बसलेला एक ऑस्प्रे. खरं तर तो बघण्यासारखा होता, पण कॅमेरे काही उचलले गेले नाहीत.

"थंडी आहे ना, मग आले कसे नाहीत?" काकू जरा चिडूनच म्हणाल्या.

"थंडीचं काही नाही काकू, पाणी उतरायला हवं."

दुपारी त्यांना इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर नेलं. धरण भरतं ते मावळ-मुळशीकडच्या पावसावर. इंदापुरात थेंब पडला नाही तरी भरतं. माळाचं गवत मात्र आमच्याच पावसावर, आणि तो वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्या साली परतीच्या पावसानंही हात दिला होता. कुसळी गवत मांडीला लागत होतं, पाऊल टाकलं की नाकतोडे उडायचे. नाकतोडे उदंड म्हटल्यावर मध्य आशियातून येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी (हॅरियर) मुक्कामाला असणारच.

ऊन कलल्यावर एक नर आला, राखाडी, पंखांची टोकं काळी. गवताच्या शेंड्यांना घासत चालला होता. मध्येच थबकला, पंख उभे केले आणि पाय पुढे करून गवतात पडला. उठला तेव्हा पंज्यात नाकतोडा. मग दुसरा आला, मग माद्या. रात्रीला हे गवतातच, जमिनीवर उतरतात. काकांचं मेमरी कार्ड भरलं. दुष्काळात याच्या उलट होतं: धरणात चिखल लवकर उघडा पडतो, रोहित लवकर येतात आणि माळ भकास.

निघताना काकूंनी फेब्रुवारीची तारीख मागितली. म्हटलं, तारीख नको, आधी फोन करा. पाणी किती उतरलंय ते सांगतो.